विनापरवाना हात

पत्र आलं तेव्हा आम्ही अंगणात मिरच्या भाजत होतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, घरोघरी तोच खमंग धूर. मी जाळीचं पिंप फिरवत होते आणि तिया देल्फिनिया भाजलेल्या मिरच्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत होती. टपालवाल्या बाईने गाडीतूनच पाकीट पुढे केलं आणि सही मागितली. तियाने एप्रनला हात पुसले, उभ्या उभ्या पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"मिरच्या करपतायत, बेलेन. फिरव."

शेवटचं पोतं रिकामं होईपर्यंत ती मिरच्या झाकत राहिली. मग हात स्वच्छ धुतले आणि पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं.

राज्याच्या मसाज परवाना मंडळाचं पत्र होतं. देल्फिनिया माएस्तास, वय अडुसष्ट, विनापरवाना मसाजचा धंदा करतात. मुदत संपलेला परवाना भिंतीवर लावून लोकांची दिशाभूल करतात. रामोनसिता किंताना या आजारी बाईला त्यांनी सात महिने चोळलं, डॉक्टरकडे जायला सांगितलं नाही, आणि त्या ऑगस्टमध्ये वारल्या. चौदा नोव्हेंबरला राजधानीत सुनावणी. निकाल लागेपर्यंत कुणालाही हात लावू नये. खाली तक्रारदाराचं नाव होतं, आर्सेनियो किंताना.

"आर्सेनियो?" मला खरंच वाटेना. "रामोनसिताचा मुलगा? लहानपणी त्याचा खांदा निखळला तेव्हा तुम्हीच ना..."

"नऊ वर्षांचा होता," तिया म्हणाली. "माझ्या मनगटाला चावला होता मेला." ती हसली नाही.

तिया म्हणजे मावशी; तिया देल्फिनिया माझ्या आईची थोरली बहीण. आमच्या न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांत चोळून, दाबून इलाज करणारीला सोबादोरा म्हणतात. तिया सतराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिची सासू सोबादोरा होती, पण म्हातारीची बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. सासूने सुनेचे हात लोकांच्या पाठीवर ठेवले, वर आपले वाकडे हात ठेवले, आणि तसंच दोन वर्षं शिकवलं. पुढची पन्नास वर्षं तिया तेच करत आली. मेंढ्या कातरून पाठ धरलेले गडी, पोटात अन्न अडकून कळवळणारी पोरं, बाळंतिणी. ओशा या डोंगरी वनस्पतीची मुळी घातलेलं तेल चुलीवर कोमट करायची, दुखऱ्या जागी तळवा ठेवायची आणि काहीही न करता थांबायची. इतका वेळ, की नवख्या माणसाला वाटावं, बाई बसल्या जागी झोपली की काय. मग बोटं हलायला लागत. लोक जाताना अंडी ठेवत, जळणाची लाकडं टाकून जात. कुणी काहीच ठेवलं नाही तरी ती दार लावून घ्यायची नाही.

आता माझा भाग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

बारा वर्षांपूर्वी मी गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या हॉटेलात काउंटरवर होते. तिथे मसाजला माणूस हवं होतं, पण परवानाधारकच. तियाचा नवरा नुकताच गेला होता, घर खायला उठत होतं. मी तिच्या मागे लागले. "तुमच्यापेक्षा चांगले हात कुणाचे आहेत? फक्त कागद घ्यायचाय." ती तयार झाली. छप्पन्नाव्या वर्षी पोरीसोरींबरोबर वर्गात बसली, हाडांची नावं लॅटिनमध्ये पाठ केली, परीक्षा पास झाली. परवाना आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मीच त्याला काचेची चौकट करून आणली आणि तिच्या खोलीत, क्रुसाच्या बाजूला, खिळा ठोकून लावली.

हॉटेलात ती चौदा महिने टिकली. पन्नास मिनिटं झाली की तिथे घंटी वाजायची. "गाठ सुटायला येते आणि घंटी वाजते," म्हणाली, आणि सोडून आली. परवान्याचं नूतनीकरण तिनेही केलं नाही, मीही आठवण केली नाही. चौकट तशीच भिंतीवर राहिली. आईचं दफन झाल्यावर तिची शाल न्यायला आर्सेनियो तियाकडे आला होता, तेव्हा त्याने फोनवर त्या चौकटीचा फोटो काढला. पत्रासोबत त्याची प्रत जोडलेली होती. काचेत फोन धरलेला त्याचा हातसुद्धा दिसत होता.

त्या रात्री मी कायदा शोधून वाचला. पहिल्या वाक्याने जीवात जीव आला. सोबादोर, आमच्या लोकांतले परंपरेने इलाज करणारे, मूळ रहिवाशांचे वैद्य, नुसते हात, पाय आणि कान दाबणारे, या सगळ्यांना परवान्याच्या अटीतून सूट होती. स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं. मी दुसऱ्या सकाळी धावत तियाकडे गेले.

"तुम्हाला सूट आहे! कायद्यात तुमचं नाव आहे म्हणा ना!"

"पुढचं वाच," तिया म्हणाली. तिने तो कायदा बारा वर्षांपूर्वी वर्गात शिकला होता.

पुढचं वाक्य असं होतं, की या लोकांपैकी कुणी स्वतःहून परवाना मागितला आणि त्याला तो मिळाला, तर त्याला कायद्याचे सगळे नियम लागू होतील.

म्हणजे खोऱ्यातली जी सोबादोरा कधी शाळेत गेली नाही तिला सूट, आणि जी शिकून आली तिला नाही. आणि तिला शिकायला पाठवणारी मी.

"खाली काढू का ती चौकट?" मी विचारलं.

"आता काढलीस तर लपवल्यासारखं होईल. राहू दे."

सहा आठवडे तिने कुणाला हात लावला नाही. लोक फाटकापर्यंत यायचे, ती फाटकापाशीच उभं राहून नाही म्हणायची. ओनेसिमो नावाचा म्हातारा मेंढपाळ कमरेत काटकोनात वाकून आला, फाटकाला धरून उभा राहिला.

"देल्फिनिया, सरकार काय तुझ्या पलंगाखाली बसलंय का? कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली. "घरी जा ओनेसिमो. गरम विटेने शेक."

"विटेला काय कळतंय माझ्या कमरेतलं!"

तो शिव्या घालत गेला. तो वळणाआड होईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. घरात येऊन तिने पीठ मळायला घेतलं, आणि इतका वेळ मळलं की त्या दिवशीच्या भाकऱ्या चामड्यासारख्या झाल्या.

गावात दोन तट पडले. चर्चमध्ये आर्सेनियोची बायको आमच्या बाकावर बसेना. दुकानात कुणीतरी माझ्या पाठीमागे बोललं, "पण खरंच, सात महिने चोळत होती, हाताला कळलं नसेल?" हेच मला सगळ्यात जास्त लागायचं. कारण हाताला कळलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

जानेवारीतच कळलं होतं. रामोनसिता पाठदुखी घेऊन आली, तियाने तळवा ठेवला, थांबली, आणि बोटं हललीच नाहीत. तिने रामोनसिताला उठवून बसवलं आणि म्हणाली, "हे माझं काम नाही. डॉक्टरकडे जा. उद्याच." मी तेव्हा चुलीपाशी होते. त्यानंतरही दोनदा तिने तेच सांगितलं. एकदा मी स्वतः रामोनसिताला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथे पोचल्यावर ती गाडीतून उतरेना. "मला कळतंय काय आहे ते," म्हणाली. "मुलांना समजलं तर मला शहरात नेतील. इस्पितळात, पाचव्या मजल्यावर ठेवतील. मला माझ्या घरात मरायचंय." मग तिने माझ्याकडून आणि तियाकडून शपथ घेतली, ती जिवंत असेपर्यंत मुलांना सांगायचं नाही, आणि परक्यांना कधीच नाही. पुढे ती येत राहिली, पण तियाने तिची पाठ पुन्हा चोळली नाही. नुसते तिचे हात हातात घेऊन तेल लावायची आणि दोघी जुन्या नाचगाण्यांच्या गप्पा मारायच्या.

"हे सुनावणीत सांगायचं," मी तियाला शंभरदा म्हणाले. "एवढं सांगितलं की संपलं."

"मी शब्द दिलाय."

"ती गेली, तिया!"

"म्हणून काय शब्दही पुरला तिच्याबरोबर?"

चौदा तारखेला पहाटेच निघालो. रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. तियाने काळा पोशाख घातला होता, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. वकील केला नव्हता. "खोटं बोलायचं असेल तर वकील लागतो," असं तिचं मत. मी गाडी चालवत होते, आणि चौकटीबद्दल काय बोलायचं ते मनात घोळवत होते.

खोली छोटी होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर राज्याचा पिवळा झेंडा. सुनावणी घेणारे हॅडली म्हणून पिकल्या मिशांचे गृहस्थ होते. मंडळाच्या वतीने प्रिचर्ड नावाची तरुण वकीलबाई. पलीकडच्या खुर्चीत आर्सेनियो, दाढी नीट केलेली, बापाचा कोट घातलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

प्रिचर्डबाईंचा आवाज चढा नव्हता, त्यामुळे मला अधिकच भीती वाटली. त्यांनी फोटो दाखवला. "ही चौकट तुमच्या खोलीत आहे?"

"आहे."

"परवान्याची मुदत दहा वर्षांपूर्वी संपली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग तो भिंतीवर का होता?"

तियाने खांदे उडवले. मला राहवलं नाही. मी उभी राहिले. "तो मी लावला. खिळासुद्धा मीच ठोकला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही कधी. मला अभिमान वाटत होता म्हणून मी लावला." हॅडलींनी मला बसायला सांगितलं, पण काहीतरी लिहून घेतलं.

मग प्रिचर्डबाईंनी दुसरा कागद उचलला. "रामोनसिता किंताना आजारी आहेत, हे तुम्हाला कळलं होतं का?"

"हाताला कळलं होतं."

आर्सेनियोची मान एकदम वर झाली.

"तुम्ही त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं?"

तियाने फोटो त्यांच्याकडे परत सरकवला.

"सेन्योरा माएस्तास?"

"तिच्या आणि माझ्यात जे झालं ते तिचं आहे."

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर ते तुमच्या विरोधात धरलं जाऊ शकतं," हॅडली म्हणाले. त्यांचा सूर कडक नव्हता, जवळजवळ विनवणीचा होता. "समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय."

"बघा!" आर्सेनियो ओरडला. टेबलावरचा जग हादरला. "सांगितलंच नाही तर बोलणार काय? माझी आई वेदनेने वाळून गेली आणि ही बाई तिच्या अंगाला तेल लावत बसली!"

मी पुन्हा उठणार, तोच तियाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पन्नास वर्षं माणसं दाबलेला हात. मला हलता आलं नाही. ते एक वाक्य माझ्या घशात होतं, आणि ती म्हातारी ते दाबून धरून बसली होती.

हॅडलींनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर लांब बोळ होता. आर्सेनियो टोकाच्या खिडकीपाशी पाठ करून उभा होता. मला वाटलं, तिया बाकावर बसेल. ती सरळ त्याच्याकडे चालत गेली. मी मागे धावले. मारामारीच होणार, असं मला वाटलं.

"आर्सेनियो," ती म्हणाली, "तू सरकारला पत्र लिहिलंस. मला एकदा विचारलं का नाहीस?"

तो वळला. "काय विचारायचं होतं? तुम्ही काय सांगणार होतात?"

"विचार तर."

"सेन्योरा देल्फिनिया, मला चिडवू नका."

"शाल न्यायला आलास तेव्हा मी कॉफी ठेवली होती. तू भिंतीचे फोटो काढलेस आणि गेलास. मी वाट बघितली, आज येईल, उद्या येईल. आईबद्दल विचारायला मुलगा येतो. तू आला नाहीस. तिथे आत जे बसलेत त्यांना मी काही सांगणार नाही, ते कोण माझे? तू तिचा मुलगा आहेस. विचार."

त्याचा जबडा हलत होता. मग त्याने विचारलं, पण आवाज बदललेला होता, नऊ वर्षांच्या पोराचा असावा तसा. "आईला माहीत होतं?"

"जानेवारीपासून. मी तीनदा सांगितलं डॉक्टरकडे जा म्हणून. ही बेलेन तिला दवाखान्याच्या दारापर्यंत घेऊन गेली होती. ती उतरली नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही तिला शहरात न्याल, अशी तिला भीती होती. जिवंत असेपर्यंत मुलांना सांगू नका, अशी शपथ तिने घातली होती." तियाने पर्स दुसऱ्या हातात घेतली. "मी बरोबर केलं असं म्हणत नाही. रोज झोपताना विचार करते. तुला सांगितलं असतं तर ती शहरात गेली असती आणि कदाचित दोन वर्षं जास्त जगली असती. तिचा राग मला सोसला असता. पण नाही सांगितलं."

आर्सेनियोने खिडकीच्या चौकटीला हात धरला. "मी दर रविवारी फोन करायचो," तो म्हणाला. "म्हणायची, ठीक आहे, कोंबड्या ठीक आहेत." मग तो खाली बसला, तिथेच फरशीवर, बापाच्या कोटासकट. तियाला गुडघे वाकवता येत नाहीत, म्हणून ती नुसती त्याच्या शेजारी उभी राहिली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मनाई होती ना.

आत गेल्यावर त्याने तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. हॅडली म्हणाले, एकदा दाखल झालेली तक्रार तक्रारदाराची राहत नाही. पण त्याला साक्ष बदलायची असेल तर बदलता येईल.

"माझ्या आईला डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं," आर्सेनियो म्हणाला. "तीनदा."

"हे तुम्हाला कसं कळलं?" प्रिचर्डबाईंनी विचारलं.

त्याने तियाकडे पाहिलं. "मी आज विचारलं," तो म्हणाला.

निकाल यायला पाच आठवडे लागले. या वेळी पाकीट मी फोडलं, तिया खिडकीबाहेर बघत होती. रामोनसिताच्या बाबतीतला आरोप पुराव्याअभावी रद्द. मुदत संपलेला परवाना भिंतीवर ठेवल्याबद्दल लेखी समज, चौकट ताबडतोब काढावी. आणि ज्याने माझी झोप उडवली होती त्या वाक्याबद्दल हॅडलींनी दीड पान लिहिलं होतं. त्याचा अर्थ एवढा, की परवाना होता तोवर नियम लागू होते. आता परवानाच उरलेला नाही, तेव्हा या बाई पुन्हा पूर्वी होत्या त्या झाल्या आहेत, सोबादोरा, आणि सोबादोराला सूट आहे.

"म्हणजे?" तियाने विचारलं.

"म्हणजे तुम्ही काही शिकलाच नाहीत, असं सरकारने मान्य केलंय."

ती पहिल्यांदा हसली, पोटापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी चौकट काढली. काचेमागचा कागद तिने नीट घडी करून बायबलमध्ये ठेवला. "हाडांची नावं मला अजून येतात," म्हणाली.

मला वाटलं होतं, सगळं पूर्वीसारखं होईल. झालं नाही. नाताळनंतर तिने दार उघडलं तेव्हा एक नवी अट घातली. आडवं होण्याआधीच ती माणसाला सांगायची, "माझ्या हाताला काही वाईट लागलं तर आधी तुला सांगेन, आणि तू आठ दिवसांत डॉक्टरकडे गेला नाहीस तर तुझ्या मुलांना सांगेन. चालत असेल तर नीज. नसेल चालत तर बूट घाल."

पुष्कळांना राग आला. दोन बायका यायच्या बंद झाल्या. आलेल्या माणसाचं बाहेर बोलायचं नाही असं जे वर्गात शिकवतात त्याच्या हे उलट होतं, सासूने शिकवलेल्यातही नव्हतं. ही अट तिची स्वतःची होती.

ओनेसिमोने ती ऐकली आणि चक्क बूट घातले. "माझी हाडं माझी आहेत," म्हणाला. "माझ्या पोरांना त्यात काय कळतंय?" पांढऱ्या उजेडात, बर्फ तुडवत, तसाच काटकोनात वाकून तो गेला. तियाने त्याला हाक मारली नाही. आठ दिवसांनी तो पुन्हा आला. दारातच त्याने टोपी काढली, पलंगावर पालथा पडला, आणि उशीत तोंड खुपसून म्हणाला, "थोरल्याला सांग. धाकट्याला नको, तो रडतो."

तियाने तेल कोमट केलं, त्याच्या कमरेवर तळवा ठेवला, आणि थांबली.